होशरुबाच्या मुलखातील रहिवासी

ज्या मुलखाची पैमाइश कोणत्याही मोजणीदाराने केलेली नाही, ज्याची हद्द कोणत्याही सरकारी नकाशावर दाखविलेली नाही आणि जेथील बादशहाच्या नावाने कोणत्याही टांकसाळीत कधी नाणे पडले नाही, अशा मुलखाशी एखाद्या मनुष्याचे वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी नाते जडावे आणि संसार, नोकरी, आजारपण, वार्धक्य अशी सारी स्थित्यंतरे होऊनही ते सुटू नये, ही वाङ्मयाच्या इतिहासातील मोठी विलक्षण घटना आहे. आवडती कादंबरी आपण दोनतीनदा वाचतो, तिच्यातील पात्रांवर प्रेम करतो आणि पुढे तिचा विसर पडतो. परंतु काही ग्रंथ असे असतात की वाचक त्यांत वास्तव्य करतो, तेथील वाटा त्याला पाठ होतात, आणि लेखकाने ज्या दिशेला नुसते बोट दाखविले त्या दिशेला पुढे काय असेल याचा विचार तो वर्षानुवर्षे करीत राहतो. अशा एका मुलखाची हकीकत येथे सांगावयाची आहे. तो मुलूख उर्दू भाषेत वसला, लखनौच्या एका छापखान्यात त्याचे दफ्तर तयार झाले, आणि तरीही मराठवाड्यातील मराठी घरांना तो परका नव्हता.

बीड जिल्ह्यातील केज हे आमचे गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचा दरबारी कारभार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीतून उर्दूत आला, आणि तेव्हापासून मांजरेच्या खोऱ्यातील ज्या मराठी मुलाला तहसिलीत, कोर्टात किंवा पोलीसपाटलाच्या दफ्तरात काही होऊन दाखवावयाचे असे, त्याला उर्दूवाचून गत्यंतर राहिले नाही. तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा पायऱ्यांनी ते शिक्षण चढत जाई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर विज्ञान आणि कायदादेखील उर्दूतच शिकविला जाई. या सक्तीने मराठी भाषेची जी कुचंबणा झाली तिचे दुःख त्या पिढीला होते, आणि मुक्तिसंग्रामाच्या अनेक कारणांत तेही एक कारण होते. मात्र ज्या दरवाजाने हुकूमनामे आत आले त्याच दरवाजाने गोष्टीही आत आल्या, हेही तितकेच खरे आहे. आणि गोष्टींशी कोणी वैर धरले नाही.

आमचे आजोबा माल खात्यात गिरदावर होते. दिवसभर शिवारे हिंडून, पिकांची पाहणी करून आणि बांधांचे तंटे ऐकून घरी आल्यावर, जेवणानंतर कंदिलाच्या उजेडात ते एक जाडजूड, पिवळ्या पडलेल्या कागदांचा उर्दू ग्रंथ उघडून बसत, आणि त्यातील मजकुराचे मराठी आम्हां मुलांना सांगत. तो ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा एक भाग होता. एकच भाग, आणि तोही पहिला नव्हे. म्हणजे कथेचा आरंभ त्यांना ऐकीव ठाऊक होता आणि शेवट त्यांनी कधी वाचलाच नव्हता; तरीही पेन्शनीत आल्यावर देखील ते त्याच भागाकडे पुन्हापुन्हा वळत, आणि अमुक नदीपासून तमुक किल्ला किती मजलांवर असेल याचा हिशेब मोठ्या गंभीरपणे करीत. त्यांच्यासारख्या गृहस्थाला, ज्याचे सारे आयुष्य खऱ्याखुऱ्या जमिनीच्या मोजणीत गेले, त्या काल्पनिक जमिनीने एवढे का बांधून ठेवावे, हा प्रश्न मला पुढे पुष्कळ वर्षे पुरला.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ग्रंथाची हकीकत सांगितली पाहिजे. अमीर हमजा नावाच्या वीराची कथा फारसी भाषेतून हिंदुस्थानात आली आणि येथे ती इतकी रुजली की अकबर बादशहाने तरुणपणी तिची सुमारे चौदाशे चित्रे काढवून घेतली. त्या प्रचंड कामाला अंदाजे पंधरा वर्षे लागली, आणि मीर सय्यद अली व अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली मोगल चित्रकलेची घडण त्याच कामात झाली. पुढे ही कथा दास्तानगोंच्या, म्हणजे दास्तान सांगणाऱ्या कलावंतांच्या, तोंडी वाढत गेली. दिल्लीच्या जामा मशिदीच्या पायऱ्यांवर आणि लखनौच्या चौकात रात्र रात्र दास्ताने चालत. युद्ध, दरबारी मैफल, जादू आणि अय्यारी ही त्यांची चार अंगे मानली जात, आणि उत्तम दास्तानगोची परीक्षा कथा पुढे नेण्यात नसून ती थांबवून धरण्यात असे: नायक दाराशी उभा आहे आणि ते दार, त्यावरील पडदा, पडद्यावरील वेलबुट्टी यांच्या वर्णनात श्रोत्यांच्या रात्रीमागून रात्री निघून जात आहेत, आणि तरी कोणी उठत नाही, ही त्याची सिद्धी.

लखनौचे मुन्शी नवलकिशोर यांनी या मौखिक भांडाराला छापील रूप द्यावयाचे मनावर घेतले, हे आपल्या सर्वांवर झालेले उपकारच होत. त्यांच्या छापखान्यातून अमीर हमजाच्या दास्तानीचे एकंदर ४६ खंड बाहेर पडले. त्यांतील सर्वांत गाजलेला विभाग म्हणजे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. १८८३ पासून पुढच्या दहा वर्षांत त्याचे सात भाग प्रसिद्ध झाले. पैकी पहिले चार मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, आणि नंतर त्यांचे व छापखान्याचे न जमल्यामुळे उरलेले तीन अहमद हुसेन कमर यांनी पुरे केले. कमर यांनी आपल्या भागांत जाह यांच्यावर टीका करण्याची संधी सोडलेली नाही. तथापि एका लेखकाच्या हातून निसटलेला मुलूख दुसऱ्याने ताब्यात घ्यावा आणि तेथील नद्या, किल्ले, माणसे जागच्या जागी राहावीत, यातच त्या मुलखाच्या बळकटीचा पुरावा आहे. दोघांनीही होशरुबाची ही कथा फार प्राचीन असल्याचा आव आणला. वस्तुतः अरबस्तानात किंवा इराणात हिचे मूळ सापडत नाही. हा मुलूख हिंदुस्थानात, बहुतांशी लखनौच्या दास्तानगोंच्या प्रतिभेतून, निर्माण झाला.

कसा आहे हा मुलूख? तिलिस्म म्हणजे जादूगारांनी बांधलेली एक संपूर्ण सृष्टी. तिच्यात आकाश आहे, ऋतू आहेत, शहरे, बाजार, फौजा आणि महसूल आहे, आणि ते सारे मंत्रबलावर उभे आहे. होशरुबाचा बादशहा अफ्रासियाब हा जादूगारांचा शहेनशहा. हैरत ही त्याची मलिका. राज्याचे तीन प्रांत आहेत: जाहिर, बातिन आणि जुलमात, म्हणजे दृश्य, गुप्त आणि अंधाराचा. पहिल्या दोहोंच्या मधून रक्ताची नदी वाहते. तिच्यावर धुराचा पूल आहे, आणि धुराचेच दोन सिंह त्याची राखण करतात. पुलावरील मनोऱ्याच्या एका मजल्यावर पऱ्या तुताऱ्या घेऊन उभ्या आहेत, दुसऱ्यावरून नदीतील माशांना मोती टाकले जात आहेत, आणि सर्वांत वर तलवारी घेतलेले हबशी एकमेकांशी अखंड लढत आहेत, त्यांच्याच रक्ताने ही नदी भरते. या मुलखाच्या सरहद्दीशी लका नावाचा, स्वतःला देव म्हणविणारा राक्षसी पुरुष अमीर हमजापुढून पळून आश्रयाला येतो, त्याचा पाठलाग करीत हमजाची फौज येते, एक शाहजादा शिकारीच्या नादात हद्द ओलांडतो, कैद होतो, आणि त्याच्या सुटकेसाठी हमजाचा नातू असद आणि त्याच्याबरोबरचे अय्यार आत शिरतात. एवढ्या एका सीमोल्लंघनातून हजारो पृष्ठांची कथा निघते.

अय्यार हे या कथेचे खरे वैभव. वेषांतर करणारे, बेशुद्धीची बुक्की हुंगविणारे, एका रात्रीत शत्रूच्या सरदाराचे रूप घेऊन त्याच्याच मसनदीवर बसणारे हे हेर जादू जाणत नाहीत. त्यांच्यापाशी आहे ती बुद्धी आणि हिंमत. त्यांचा म्होरक्या अमर अय्यार अत्यंत कंजूष आहे, आपल्या मालकाकडूनही तो प्रत्येक कामगिरीचा मोबदला वसूल करतो, आणि त्याच्या झंबील नावाच्या पिशवीत शहरेच्या शहरे मावतात. अफ्रासियाबाजवळ सामरीचा ग्रंथ आहे. तो उघडला की लपलेले सत्य कळते. असा ग्रंथ हाताशी असलेल्या सम्राटाला एका कफल्लक बहुरूप्याने पदोपदी चकवावे, यात मराठी मनाला अपरिचित असे काय आहे? बहिर्जी नाईकांच्या गोष्टींवर वाढलेल्या आम्हां पोरांना अमर अय्यार पहिल्याच रात्री आपला वाटला.

पण नुसत्या अद्भुताने मनुष्य आयुष्यभर बांधला जात नाही, असे माझे मत आहे. चमत्कारांचा तर लवकरच कंटाळा येतो. होशरुबात जे चिरकाल धरून ठेवते ते तेथील कायद्याचे राज्य होय. तिलिस्म बांधणाऱ्यांनी तो बांधतानाच त्याची मुदत ठरवून ठेवलेली असते; तो कोणाच्या हातून फुटेल त्याचे नावही नेमलेले असते; आणि फोडण्याची युक्ती एका ‘लौहे’वर, म्हणजे पाटीवर, लिहून ती त्याच मुलखात कोठेतरी लपविलेली असते. ती पाटी ज्याच्या नावची नाही त्याने कितीही पराक्रम केला तरी व्यर्थ. अफ्रासियाबाचे सामर्थ्य अफाट असले तरी सनदेबाहेर जाण्याचा त्यालाही अधिकार नाही. जमिनीच्या कज्ज्यात हयात घालविलेल्या गिरदावराला या गोष्टीत किती गोडी वाटली असेल, हे आज मला कळते. जेथे काहीही घडू शकते तेथे काहीच घडत नाही. जेथे हद्द आहे, नियम आहे, मुदत आहे, तेथेच पुढे काय होईल ही उत्कंठा जन्म घेते, आणि तेथेच वाचकाला स्वतःची बुद्धी चालवून हिंडण्याची मोकळीक मिळते.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे. तिलिस्म फुटणार हे पहिल्या पृष्ठापासून ठरलेले असते, वाचकाची सहानुभूतीही असदच्या बाजूला असते. परंतु जसजसा तो त्या मुलखात मुरतो तसतसे त्याला वाटू लागते की ही सृष्टी उद्ध्वस्त होऊ नये. शेवटी असदच्या हाती लौह येते, अफ्रासियाब मारला जातो, आणि विजयाच्या नौबती झडत असता वाचकाच्या मनात मात्र मुलूख उजाड झाल्याची हळहळ राहते. यावर त्याच्याजवळ एकच उपाय असतो, तो म्हणजे पहिला भाग पुन्हा उघडणे. आजोबांनी शेवट वाचला नव्हता, त्यामुळे त्यांचा तिलिस्म कधी फुटलाच नाही.

या ओढीचे सर्वांत थोर उदाहरण म्हणजे अलाहाबादचे शम्सुर्रहमान फारूकी. ते टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि उर्दूचे अग्रगण्य समीक्षक होते. नव्या विद्येने शिकलेल्या उर्दू विद्वानांनी दास्तानीला पोरखेळ ठरवून बाजूस सारले होते, आणि नवलकिशोरी आवृत्त्या रद्दीत, वाळवीच्या तोंडी किंवा कोणाच्या तरी अडगळीत जात होत्या, अशा काळी या गृहस्थांनी वर्षानुवर्षे एकेक खंड शोधून ४६ च्या ४६ खंड जमा केले, ते सर्व वाचले, आणि १९९९ पासून त्यांवर अनेक भागांचा विवेचनग्रंथ प्रसिद्ध केला. कथेला कादंबरीच्या मापाने मोजू नका, ती ऐकण्यासाठी रचलेली आहे आणि तिचे शास्त्र वेगळे आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. २०२० च्या डिसेंबरात ते वारले. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली निवर्तल्यावर जी कला मूक झाली होती, तिला २००५ मध्ये महमूद फारूकी या त्यांच्या पुतण्याने, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, पुन्हा रंगमंचावर आणले. एका वाचकाच्या वेडाने काय साधते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

पाश्चात्य जगात हेच वेड टोल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’भोवती दिसते. ऑक्सफर्डच्या या भाषापंडिताने आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारे लोक, मग त्यांचा इतिहास. १९५४-५५ मध्ये ग्रंथ निघाला, १९७३ मध्ये लेखक वारला, आणि त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, वडिलांच्या अस्ताव्यस्त कागदांतून १९७७ साली ‘सिल्मरिलियन’ आणि १९८३ ते १९९६ या काळात बारा खंड संपादून काढले. ज्या मुलाला ही कथा लहानपणी ऐकविली गेली, ज्याने तिचा नकाशा काढला, तोच वयाच्या नव्वदीतही तिचे दफ्तर लावीत होता. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने तो ग्रंथ मराठीत आणला आहे, आणि ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी तो अवश्य वाचावा.

मराठीत काय आहे? नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ सालची. नाथमाधव १९०५ च्या सुमारास सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. त्यानंतरच्या आयुष्यात, अंथरुणावरून, या मनुष्याने भुयारे, गुप्त दरवाजे आणि घोडदौडी यांनी भरलेली सृष्टी उभी केली, आणि महाराष्ट्रातील दोन पिढ्या तिच्यात हिंडल्या. कथानकावर इंग्रज कादंबरीकार रेनल्ड्सचा प्रभाव आहे हे कबूल. पण त्यातील आवेग नाथमाधवांचा स्वतःचा आहे.

त्यानंतर ‘चांदोबा’. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली, आणि एस.टी.च्या स्थानकावरील पुस्तकांच्या टपरीतून ती आमच्यासारख्या आडवळणी गावांपर्यंत पोहोचली. तिच्यात महिन्यामागून महिने क्रमशः येणाऱ्या ज्या अद्भुत कथा आम्ही श्वास रोखून वाचल्या, त्यांचा लेखक कोण हे मासिकात कधी छापले जात नसे. गुंटूर जिल्ह्यातील दासरी सुब्रह्मण्यम हे ते लेखक. १९५४ पासून सुमारे पाव शतक त्यांनी तेलुगूत मांत्रिकांची, पाताळातील दुर्गांची, यक्षांच्या पर्वतांची आणि भग्न देवळांची एक सलग सृष्टी रचली. ‘चित्रा’ या सहीने चित्रे काढणाऱ्या चित्रकाराने तिला रूप दिले. आणि भारतातल्या अनेक भाषांतील मुलांनी ती एकाच वेळी आपापली म्हणून स्वीकारली. दासरी २०१० साली विजयवाड्यात वारले. ज्या मनुष्याने आपल्या बालपणाचा एवढा मोठा प्रदेश घडविला, त्याचे नाव बहुतेक मराठी वाचकांना आजही ठाऊक नसावे, ही गोष्ट मला अत्यंत अन्यायाची वाटते, आणि म्हणून ते येथे मुद्दाम लिहिले आहे.

प्रौढ वाचकांसाठी जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’ या १९७५ च्या संग्रहात ‘इस्किलार’ लिहिली. तो प्रदेश, ती नावे, ते विधी कोणत्याही देशाचे नाहीत, आणि तरी त्यांतील नियतीचा कायदा होशरुबातील लौहेइतकाच अटळ आहे. जी.एं.चा वाचक एकदा तेथे गेला की आयुष्यभर तेथे जात राहतो, हे मी अनेक मित्रांच्या बाबतीत पाहिले आहे. परंतु ती एक दीर्घकथा आहे. तिच्या पलीकडे तो मुलूख वाढला नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यात भर घालतील, एकाने सोडले तर दुसरा पुढे चालवील, असा विस्तीर्ण काल्पनिक मुलूख मराठीने अजून वसविलेला नाही, हा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. किल्ले, घाट, लेणी आणि भुयारे यांनी भरलेल्या प्रदेशात, मुकुंदराज आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आणि सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ ज्यांच्या शेजारी लिहिला गेला त्या लोकांना विस्ताराचे भय वाटण्याचे कारण नाही. आजच्या तरुण लेखकांनी हे काम अंगावर घ्यावे.

आणि एक तातडीचे काम वाचकांचे आहे. केज, अंबाजोगाई, धारूर, परंडा, कळंब, उदगीर, अशा सगळ्या जुन्या निजामी तालुक्यांत अजून कित्येक घरांच्या माळ्यांवर आजोबा-पणजोबांच्या पेट्या आहेत, आणि त्यांत मोडीच्या कागदांबरोबर उर्दू पुस्तकेही आहेत. घरात ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही म्हणून ती ओझे वाटू लागतात आणि भाव ठरवून तराजूत जातात. माझी कळकळीची विनंती आहे की ती तशी देऊ नका. गावातील उर्दू शाळेच्या शिक्षकांना किंवा मशिदीतील एखाद्या जाणत्या मौलवींना ती एकदा दाखवा, पहिल्या पृष्ठावर नवलकिशोर छापखान्याचे नाव आहे का ते विचारा, आणि असेल तर ते पुस्तक जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे नोंद करून सुपूर्द करा.